सोडियमला काहीच द्यायचं नसतं

पत्र लांब आहे, नाव-गाव काढून थोडक्यात देते. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या गावातली मुलगी, दहावीपर्यंत मराठी मिडियम, ९१ टक्के, आता तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्स, सकाळची पहिली एसटी. संध्याकाळी वाडीतल्या आठवीच्या पोरांची शिकवणी घेते. रासायनिक बंध शिकवताना तिने नेहमीचंच सांगितलं, सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, दोघांचं अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, मीठ तयार. त्यावर एक मुलगा म्हणाला, "पण ताई, सोडियमला कसं कळतं आठ झाले ते?" हिच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात कॉलेजात सांगितलं की सोडियममधून इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा घालावी लागते, आणि वर बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात.

ती लिहिते, "म्हणजे एवढी वर्षं आम्हाला खोटं शिकवलं का? मला आता केमिस्ट्रीतलं काहीच समजत नाहीये असं वाटतं. दादा म्हणतो पाठ कर, सीईटीत कारणं कोण विचारतंय. बाबा म्हणतात झेपत नसेल तर आत्ताच कॉमर्सला जा, नंतर रडत बसू नको. आणि त्या पोरांना मी काय सांगू? उद्या परत येणार ती."

अगं, आधी त्या पोराला माझ्यातर्फे एक चॉकलेट दे. हा प्रश्न भल्याभल्यांना सुचत नाही, बीएस्सीला बसलेली मुलंसुद्धा 'अष्टक पूर्ण झाल्याने अणू स्थिर होतो' लिहून मोकळी होतात आणि आम्ही मास्तर लोक त्याला मार्क देऊन मोकळे होतो.

तू पत्रात चार गाठोडी एकत्र बांधून पाठवलीयस, खोटं शिकवलं का, मला समजत नाही का, कॉमर्सला जाऊ का, पोरांना काय सांगू. यातलं पहिलं सुटलं की दुसरं आपोआप सैल होईल असं मला वाटतं, आणि तिसऱ्याचा निर्णय एका धड्यावरून घ्यायचाच नाहीये. म्हणून आधी केमिस्ट्री बघू, घरचं नंतर.

तुझ्या डोक्यात (आणि जवळजवळ सगळ्यांच्याच डोक्यात) एक गोष्ट पक्की बसलीय, की सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो आणि क्लोरीनला तो हवा असतो. हे कोणी तपासून बघितलंय का? अणूला ना मन, ना गरज, ना त्याला मोजता येतं. माडावरचा नारळ पडतो तेव्हा त्याला खाली यायची हौस होती असं आपण म्हणत नाही ना, वर असताना त्याची ऊर्जा जास्त, खाली कमी, पृथ्वी ओढतेय, देठ सुटला की धप्प, आणि परत वर न्यायचा तर कोणीतरी अंगातली ताकद घालून माडावर चढलं पाहिजे. बंधांचं तेच आहे. केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण, ते एकमेकांना ओढतात, धन धनाला आणि ऋण ऋणाला ढकलतं, आणि या सगळ्या ओढाताणीत ज्या मांडणीत एकूण ऊर्जा कमी होते तिथे अणू अडकून राहतात. त्या अडकण्याला आपण बंध म्हणतो. आठ-बिठ हे नंतर येतं.

आता सोडियमचा हिशोब घे, वहीत लिहून घे, कारण यातच तुझा सगळा घोळ आहे. सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल. सोडियमच्या सुट्या अणूतून शेवटचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ लागतात. क्लोरीनच्या अणूला तो मिळाला की ३४९ बाहेर पडतात. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात १४७ चा तोटा! वर्गात सर जे म्हणाले ते बरोबर आहे, सोडियम काही आनंदाने देत नाही. मग मीठ बनतंच कसं? कारण गोष्ट देण्याघेण्यावर संपत नाही. एक सोडियम आयन आणि एक क्लोराइड आयन (आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्याने किंवा आल्याने भार आलेला अणू), एक धन एक ऋण, ते एकमेकांकडे ओढले जातात, आणि नुसते दोघं नाही तर अगणित आयन रचून बसतात, वर खाली पुढे मागे डावीकडे उजवीकडे. प्रत्येक सोडियमच्या लगत सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडच्या लगत सहा सोडियम. या रचण्यात ७८७ बाहेर पडतात. १४७ चा तोटा कुठच्या कुठे भरून निघतो.

प्रयोगशाळेतला धातू आणि वायू धरून पूर्ण हिशोब करायचा तर असा: घन सोडियमचे सुटे अणू करायला १०८, क्लोरीनची जोडी फोडून एक अणू मिळवायला १२१, आणि ते ४९६, एकूण खर्च ७२५. जमा बाजूला ३४९ आणि ७८७, म्हणजे ११३६. फरक ४११, आणि सोडियम क्लोरीनमध्ये पिवळाधमक पेटतो तेव्हा बाहेर पडणारी ऊर्जा मोजली तर ती इतकीच भरते. याला बॉर्न-हेबर चक्र म्हणतात, १९१९ सालचं आहे, पुढे तुझ्या पुस्तकात नावाने भेटेल तेव्हा घाबरू नकोस, बेरीज-वजाबाकीच आहे.

मग त्या पोराचा प्रश्न राहतो, एकच का देतो, दोन का नाही? इथे आठ येतात. सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन, मांडणी २, ८, १. बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या आणि केंद्रकाच्या मध्ये दहा इलेक्ट्रॉन उभे, त्यामुळे त्याला केंद्रकाची ओढ जेमतेम जाणवते, तो सैल. तो गेला की पुढचा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातला, केंद्रकाच्या जवळचा, आणि त्याच्यावरची ओढ भलतीच जास्त. तो काढायला ४५६२ लागतात, पहिल्याच्या नऊ पटीहून जास्त! एवढा खर्च भरून काढेल इतकी ऊर्जा स्फटिक रचून मिळत नाही, म्हणून गाडी तिथे थांबते, आणि थांबते तेव्हा मोजलं तर बाहेर आठ दिसतात. सोडियमने काही मोजलेलं नसतं, मोजतो आपण. क्लोरीनचं उलट, १७ प्रोटॉन, आतले दहा इलेक्ट्रॉन आडवे, बाहेर सात, त्यांच्यावरची ओढ घट्ट, आणखी एकाला त्याच कवचात जागा आहे म्हणून तो धरला जातो, त्याच्या पुढच्याला लांबच्या नव्या कवचात जावं लागेल, तिथे ओढच पुरत नाही.

तर आठ ही खूण आहे, कारण नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बोरॉनचे सहा बघून धक्का बसत नाही. बोरॉनकडे बाहेर तीनच इलेक्ट्रॉन, तीन फ्लोरीनबरोबर तीन जोड्या झाल्या, सहा झाले, थांबला. (आणि तो पुरता सुखात आहे असंही नाही, अमोनियासारखं कोणी जादा जोडी घेऊन आलं की लगेच चिकटतो.) सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती ठिपके (वहीतल्या चित्रात इलेक्ट्रॉन दाखवायला काढतो ते) मोजलेस तर बारा होतील. नायट्रिक ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनच विषम, आठ-आठ वाटून होणारच नाहीत. आठाचा नियम कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन या रांगेत फार छान चालतो, आणि जिवंत गोष्टी बहुतेक त्यांच्याच असल्यामुळे तो आपल्याला सगळीकडे लागू वाटतो, एवढंच.

आणि नियम कधीचा आहे बघ. १९१६ साली अमेरिकेत लुईस आणि जर्मनीत कोसेल, दोघांनी वेगवेगळं काम करून हा विचार मांडला, लुईसने तर अणू म्हणजे घन आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ इलेक्ट्रॉन असं चित्र काढलं होतं. तेव्हा आजचं क्वांटम मेकॅनिक्स नव्हतंच. हायड्रोजनचे दोन अणू का चिकटतात याचं पहिलं धड गणित १९२७ साली हाइटलर आणि लंडन यांनी केलं. म्हणजे नियम आधी सापडला, कारण अकरा वर्षांनी. तुला आठवीत नियम मिळाला आणि अकरावीत कारण मिळतंय, तीन वर्षांत, तू विज्ञानापेक्षा फास्ट आहेस! याला खोटं म्हणू नये असं माझं मत. अर्धं वाक्य म्हण. राग यायचाच असेल तर याचा येऊ दे की 'हे अर्धं आहे, उरलेलं पुढे येईल' असं कोणी सांगितलं नाही, ते सांगायला एक मिनिट लागतं.

आपल्याकडे विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडलेले, आणि त्या तारखेला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात जी अनोळखी पिवळी रेघ दिसली ती पुढे हेलियमची ठरली. हा हेलियम म्हणजे कोणाशीही बंध न करणारा, दोन इलेक्ट्रॉन घट्ट धरून बसलेला, राजवायूंच्या रांगेतला पहिला. बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं की ही आख्खी रांगच अशी. मग १९६२ साली नील बार्टलेटने झेनॉनचं संयुग बनवून दाखवलं, आणि वर्षभरात झेनॉनची फ्लोराइडंसुद्धा निघाली. आठ पूर्ण असलेल्या झेनॉनने बंध केला! झेनॉन मोठा अणू, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, फ्लोरीनसारखा ओढणारा समोर आला की ते हलतात. आठ हेच कारण असतं तर हे झालंच नसतं.

आता मिठाकडे परत ये, कारण मीठ तुझ्या घरात आहे आणि त्यात अजून एक गैरसमज लपलाय. खडे मीठ घे, पिशवीतलं बारीक नको. शिरोड्याला मिठागरं आहेत ना, १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ती, तिथलं मिळालं तर उत्तमच. एक खडा भिंगाखाली धर. पृष्ठभाग सपाट, कडा काटकोनात, तुटका असला तरी पायऱ्या पायऱ्या दिसतील. आता त्याच्यावर वरवंट्याने हलकेच टोक. तो दबत नाही, फुटतो, आणि फुटलेले बारके तुकडे परत भिंगाखाली घेतलेस तर तेही बरेचसे सपाट अंगाचे, चौकोनी. का? आत एक धन एक ऋण एक धन एक ऋण अशी रांग आहे, टोकल्याने एक थर एका घराने सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, ते एकमेकांना ढकलतात आणि खडा त्या सपाट पातळीवर दुभंगतो. शेजारी तांब्याच्या तारेचा तुकडा ठेव आणि तोच वरवंटा मार, चपटी होईल, फुटणार नाही. जर्मनचा टोप ओट्यावरून पडला की पोचा येतो, टोप दोन तुकडे होत नाही, कारण धातूत सुटे इलेक्ट्रॉन सगळीकडे पसरलेले, थर सरकला तरी मध्ये इलेक्ट्रॉन आहेतच, ढकलाढकली होत नाही. धातू बंध या विषयावर अकरावीला मला एवढंच पुरे वाटतं.

गैरसमज कुठला ते सांगते. तू आठवीच्या पोरांना बाण काढून दाखवलास ना, या सोडियमचा इलेक्ट्रॉन या क्लोरीनला गेला. त्यामुळे मुलांना वाटतं की हा सोडियम आणि तो क्लोरीन आता जोडीदार, खड्यात अशा जोड्या जोड्या भरल्यात. तसं काही नाही. खड्यात मिठाचा रेणू नावाची वस्तूच नाही. सहाही शेजारी सारखेच, कोणाचा इलेक्ट्रॉन कोणाकडे गेला याला काही अर्थ उरत नाही, ओढ सगळ्यांची सगळ्यांना. म्हणून तर मीठ ८०१ सेल्सिअसला वितळतं आणि साखर १८०-१९० च्या आसपासच वितळून करपायला लागते, आईला विचार कढईत मीठ कधी पातळ झालेलं पाहिलंय का. (घरी तापवून बघू नकोस, खड्यात अडकलेलं पाणी उडतं आणि तडतडून डोळ्यात जातं.)

सहसंयुज बंधाला, म्हणजे दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची वाटणी होते त्या बंधाला, पण तोच कायदा. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की प्रत्येकाचा इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांकडे ओढला जातो, इलेक्ट्रॉनांचा वावर मधल्या जागेत वाढतो, ऊर्जा खाली येते. फार जवळ आले की दोन धन केंद्रकं एकमेकांना ढकलतात, ऊर्जा परत वर. मध्ये एक तळ असतो, ७४ पिकोमीटरवर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग), आणि तो तळ ४३६ किलोज्यूल खोल आहे. पुस्तकात जो वक्र आहे ना, खाली घसरून परत वर चढणारा, तो न बघता वहीत काढ आणि तीन जागांवर काय चाललंय ते मराठीत लिही. हा एक वक्र नीट आला तर धड्याचा निम्मा भार उतरतो. ठिपक्यांची चित्रं काढायचीच, पण ती मोजदाद म्हणून काढ, फोटो म्हणून नको, इलेक्ट्रॉन काही ठिपक्यासारखे दोघांच्या मध्ये बसून राहत नाहीत.

यातूनच ती दुसरी मोठी चूक सुटते जी डॉक्टर झालेली माणसंही करतात, 'बंध तोडला की ऊर्जा मिळते'. कधीच नाही! बंध तोडायला नेहमी ऊर्जा लागते, बनताना बाहेर पडते. मग गॅस पेटतो तेव्हा उष्णता कुठून येते? सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्युटेनचे आणि हवेतल्या ऑक्सिजनचे बंध आधी तुटतात, त्याला ऊर्जा लागते, म्हणून तर नॉब फिरवून गॅस आपोआप पेटत नाही, लायटर लागतो. मग कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातले जास्त पक्के बंध बनतात, त्यात त्याहून जास्त बाहेर पडते. हिशोबाला सोपं उदाहरण हायड्रोजन आणि क्लोरीनचं: तोडायला ४३६ आणि २४२, म्हणजे ६७८. दोन हायड्रोजन क्लोराइड बनताना प्रत्येकी ४३१, म्हणजे ८६२. उरले १८४, तेवढी उष्णता बाहेर.

आयनिक (मिठासारखा, आयनांच्या ओढीचा) की सहसंयुज, हे लेबल लावायची तुला फार घाई झालेली दिसते. तू विचारलंयस की विद्युतऋणतेतला (म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायच्या ताकदीतला) फरक १.७ च्या वर गेला की आयनिक हे नक्की ना. नक्की नाही. पाउलिंगच्या मोजपट्टीवर सोडियम ०.९३ आणि क्लोरीन ३.१६, फरक २.२३, ठीक, आयनिक. पण हायड्रोजन फ्लोराइड घे, ३.९८ वजा २.२०, फरक १.७८, नियमाप्रमाणे आयनिक व्हायला हवं, आणि प्रत्यक्षात ते २० सेल्सिअसच्या जरा खालीच उकळणारं, सुट्या रेणूंचं संयुग आहे. निसर्गात १.७ वर कुठे दगड रोवलेला नाही, इलेक्ट्रॉनांची वाटणी कुठे समसमान, कुठे थोडी एकीकडे, कुठे जवळजवळ पूर्ण एकीकडे, अशी हळूहळू बदलत जाते. परीक्षेत १.७ वापर, पण वस्तू समोर आली की आधी ती किती तापमानाला वितळते, वितळल्यावर वीज वाहून नेते का, हे बघ.

अजून एक, हे पटकन सांगते. रेणूच्या आतले बंध वेगळे आणि रेणू-रेणूंमधली ओढ वेगळी. खोबरेल तेल २४-२५ सेल्सिअसच्या खाली थिजतं, घाटावर थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते, आपल्याकडे क्वचित. थिजताना आणि पातळ होताना रेणूच्या आतला एकही बंध तुटत नाही, बनत नाही, रेणू फक्त एकमेकांना धरतात-सोडतात. पाण्याचंही तसंच, मोदक उकडताना वाफ निघते ती पाणीच असते. उकळल्याने पाण्यातले ऑक्सिजन-हायड्रोजनचे बंध तुटत असते तर मोदकपात्रात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण भरलं असतं, खाली गॅस पेटलेला, चतुर्थीला घराचं छप्पर शिल्लक राहिलं नसतं. पाण्याच्या रेणूंमधली ओढ मात्र जबरदस्त, तिला हायड्रोजन बंध म्हणतात, आणि तिच्यामुळे पाणी १०० ला उकळतं, त्याच कुटुंबातलं हायड्रोजन सल्फाइड उणे ६० ला.

आता दादाचं. पाठांतराला मी नावं ठेवणार नाही, संयुजा, आयनांची चिन्हं, पहिली वीस मूलद्रव्यं पाठ पाहिजेतच, ती नसतील तर समजून घ्यायला हातात काही नसतं. पण कारणांचं पाठांतर फसतं. 'कोणत्या रेणूत अष्टक अपूर्ण आहे' असा प्रश्न सीईटीला हमखास विचारण्यासारखा आहे, आणि 'अणूंना आठ हवे असतात' एवढंच पाठ असलेला मुलगा चारही पर्यायांकडे बघत बसतो. तुझ्यासाठी आणि तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठी एक सवय सांगते, नोट्समध्ये जिथे जिथे अणूला काहीतरी 'हवं असतं', 'आवडतं', 'तो सुखी होतो' असं लिहिलेलं दिसेल तिथे पेन्सिलने खाली लिहायचं, कोण कोणाला ओढतंय आणि ऊर्जा कुठे कमी झाली. लिहिता आलं तर समजलंय. नाही आलं तर तेवढं वाक्य घेऊन सरांकडे जायचं, तास संपल्यावर, सगळ्यांसमोर नको, आणि 'मला काही समजत नाही' असं म्हणून नको. 'सर, ४९६ आणि ३४९ चा मेळ बसत नाहीये' असं म्हण. नेमकं विचारणाऱ्या मुलीला शिक्षक सहसा हाकलत नाहीत, आणि एखाद्याने हाकललंच तर दुसऱ्या तुकडीच्या सरांना विचार, त्यात कसला अपमान.

आणि खरं सांगू, तुला केमिस्ट्री समजत नाहीये की इंग्लिश? पत्रात तू केमिस्ट्री लिहिलंयस, पण उदाहरणं दिलीस ती सगळी इंग्लिश पुस्तकातल्या लांब वाक्यांची आहेत. मराठी मिडियममधून आलेल्या मुलांचं पहिलं सत्र असंच जातं, एका वेळी दोन विषय शिकत असतात आणि दोष बुद्धीला देतात. आठवी-नववीचं मराठी पुस्तक टाकू नकोस, शेजारी उघडं ठेव, आयनिक बंध म्हणजे आयोनिक बॉण्ड, सहसंयुज म्हणजे कोव्हॅलंट, आयनन ऊर्जा म्हणजे आयोनायझेशन एनर्जी, अशी दोन-तीन पानं भरली की दिवाळीपर्यंत हा त्रास बराच कमी होतो.

बाबांच्या म्हणण्यात मला राग दिसत नाही, काळजी दिसते. कॉमर्सला जाणं म्हणजे हरणं नाही, ज्याला हिशोब, व्यवहार आवडतो त्याने तिकडेच जावं आणि लवकर जावं, तेही खरं. पण तू का जातेयस? कॉमर्स आवडतं असं पत्रात एका ओळीतही नाही. एका धड्याने गोंधळ झाला म्हणून जायचं तर तिकडेही अकाउंटन्सीचा पहिला धडा गोंधळ घालणारच आहे. मला विचारशील तर पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत थांब, शाखा बदलायची शेवटची तारीख काय आहे ते कॉलेजच्या ऑफिसात आत्ताच विचारून घे म्हणजे घरी टांगणी लागणार नाही, आणि बाबांना तारीख सांग, 'बघू' सांगू नकोस. फिजिक्स, मॅथ्सचे मार्क पण बघ, तिन्हीकडे तीच परिस्थिती असेल तर बोलणं वेगळं. तोपर्यंत शिकवणी आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आण, रोज पहाटेची एसटी धरून वर रोज पोरांना शिकवणं जरा जास्तच होतंय.

पोरांना काय सांगायचं? आकडे नको, आठवी आहे. एवढं सांग: सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल असतो, क्लोरीनची पकड घट्ट असते, इलेक्ट्रॉन तिकडे गेला की एक धन आणि एक ऋण होतो, मग ते एकमेकांना ओढतात आणि असे खूप सारे रचून बसले की ऊर्जा बाहेर पडते, म्हणून मीठ टिकतं. आठ मोजायला शिकव, परीक्षेत 'अष्टक स्थिती' लिहायलाच लाव, उगाच मार्क घालवायचे नाहीत, पण आठ ही ओळखायची खूण आहे, खरं कारण मोठ्या वर्गात येतं, हे स्पष्ट सांग. मग खडे मीठ आणि तार घेऊन अंगणात वरवंटा त्यांच्याच हातात दे. पाण्यात मीठ विरघळवून बशीत सुकवायचा प्रयोग करायचा असेल तर पाऊस गेल्यावर कर, पावसाळ्यात आपल्याकडे मीठ सुकायचं सोडून स्वतःच पाणी धरतं, त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे.

मॅग्नेशियमवरून आठवलं, हे तुझ्यासाठी. मॅग्नेशियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ७३८, दुसरा १४५१, तिसरा ७७३३. ऑक्सिजनला पहिला इलेक्ट्रॉन मिळताना १४१ बाहेर पडतात, पण दुसरा कोंबायला उलट ऊर्जा घालावी लागते. तरीही मॅग्नेशियमची फीत हवेत डोळे दिपवत जळते आणि जे पांढरं ऑक्साइड उरतं ते २८०० सेल्सिअसच्या पुढे वितळतं. दोन का निघतात, तिसरा का नाही, आणि एवढा खर्च भरून कोण काढतं, हे अष्टक शब्द न वापरता अर्ध्या पानात लिही आणि पाठव. मराठीत चालेल.